कळत नाही, तरी आवडतं

छत्रपती संभाजीनगरातल्या सिडकोतून एका वाचकाचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, म्हणून मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

"ताई, मी ४३ वर्षांचा आहे. वाळूजला एका कंपनीत क्वालिटीत काम करतो, शिफ्ट ड्यूटी. वडील एसटीत कंडक्टर होते. रात्री घरी आले की हातपाय धुऊन टेप लावायचे, कव्वाली नाहीतर गझल. त्यांच्या कॅसेटी माझ्याकडं आल्या आणि मला नादच लागला. आज घरात ७०० वर कॅसेटी आहेत, १५० एलपी, जुन्या सिनेमांची पोस्टरं आणि इंद्रजाल कॉमिक्सचे दोन खोके. वर्षातून दोनदा वही घेऊन अजिंठ्याला जातो, चित्रं काढत बसतो. जपानी ॲनिमेही बघतो. मित्र म्हणतात, 'एक काहीतरी धर ना, असं दहा ठिकाणी हात घालून काय व्हायलंय?' एकदा मैफलीत मी 'वाह' म्हणालो, तर शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, 'इथं दाद देत नसतात.' तेव्हापासून मैफलीला गेलो नाही. बायको म्हणते, घराचा जुना बाजार करून ठेवलाय. (दिवाळीत टर्नटेबल घेतलं, १८,००० चं. घरी ६,००० सांगितलेत.) आता नवंच झालंय. लेक नववीत आहे. सारखी कोरियन पोरांची गाणी लावती. मी म्हणालो, 'हे काय ऐकायलीस? एक शब्द तरी कळतोय का?' तर म्हणाली, 'पप्पा, तुमच्या कव्वालीतलं तुम्हाला कुठं सगळं कळतंय?' तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतंच. या वयात हे सगळं गुंडाळून ठेवावं का? आणि वडिलांनी खुलताबादच्या उरुसात घेतलेली एक कॅसेट आहे. कव्वालाचं नाव वर उर्दूत हातानं लिहिलंय, आम्हाला कुणालाच वाचता येत नाही. ती आता टेपमध्ये गुंतायलीय. तिचं काय करू?"

भाऊ, नमस्कार.

लेकीच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं तिथंच गुंतलंय. तुम्ही ते उलट उत्तर समजलात. मला तो रास्त प्रश्न वाटला, आणि त्याचं उत्तर तुमच्याजवळ आहे, तिच्या आईजवळही नाही इतकं. फक्त तुम्ही ते दिलं नाहीत.

वडील टेप लावायचे तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होतात? सात? आठ? पेटीचा सूर लागायचा, ढोलक सुरू व्हायचा, मग मागच्यांच्या टाळ्या. गाणारा एक ओळ धरायचा आणि ती सोडायलाच तयार नसायचा. दहा वेळा तीच ओळ, दर वेळी जरा वेगळ्या जागी दाबून. मधूनच कुठला तरी फारसी शेर यायचा आणि कॅसेटमधली माणसं एकदम कल्ला करायची. तुम्हाला त्यातलं काय कळत होतं? काही नाही. वडिलांना तरी किती कळत असेल, देव जाणे. तरी तुम्ही अंथरुणात जागे राहून ऐकत होतात. कळलं मागाहून, थोडं थोडं, आणि अजूनही सगळं कळलेलं नाही. आधी आवडलं. तुमच्या लेकीचं नेमकं तेच चाललंय.

तुमच्या गावाचा इतिहासच बघा. उर्दू गझलेचा जुना कवी वली आपल्या औरंगाबादचा, जन्म १६६७ चा मानतात. त्या काळी दिल्लीतल्या शिकलेल्या लोकांना कविता म्हटलं की फारसीच लागायची. रोज तोंडी असलेल्या बोलीत कुणी गझल लिहिल हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. दख्खनेतून वलीची कविता तिकडं पोचली आणि तिथल्या कवींना आपल्या बोलीत लिहिण्याची हिंमत आली. त्याच्यानंतरचा सिराज, तोही याच शहरातला. त्याची गझल आजही कव्वाल गातात. खुलताबादला तर अमीर खुस्रोचा मित्र, फारसीचा मोठा कवी अमीर हसन सिज्जी याची कबर आहे. तुमच्या वडिलांनी त्याच गावातून कॅसेट आणली. ते उरुसाला गेले तेव्हा त्यांना कुणी दारात अडवून 'फारसी येती का?' असं विचारलं नाही. तुम्ही लेकीला दारातच अडवलंत.

हे लिहिताना मला माझी एक गोष्ट सांगावीशी वाटते. फारशी कुणाला सांगितलेली नाही.

आम्ही परभणीचे. १९८६ साली मी तेरा वर्षांची होते. घरात एक टेपरेकॉर्डर होता आणि मोजून अकरा कॅसेटी. त्यातल्या एकीवर बाबांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या भरून ठेवल्या होत्या. गिरणी आली तरी आजी पहाटे शेर-दोन शेर दळायचीच. बाबांनी तिला न सांगता जात्याशेजारी, पाटाखाली टेप ठेवला होता. ती कॅसेट कुणी चुकून पुसू नये म्हणून मागच्या कडेची प्लॅस्टिकची दोन्ही कानं मोडली होती. तुम्हाला माहीतच आहे, कान मोडलं की रेकॉर्डचं बटण दबत नाही. मला रेडिओवरची फर्माइशी गाणी भरून घ्यायची होती आणि कोरी कॅसेट आणायला पैसे नव्हते. मोडलेल्या कानाच्या भोकात कागदाचा बोळा कोंबला की बटण दबतं, हे शेजारच्या मुलानं सांगितलं. मी बोळा कोंबला. दोन्ही बाजू भरल्या. मधे निवेदिकेचा आवाज येऊ नये म्हणून किती काळजीनं पॉज दाबत होते, तेही आठवतंय.

आजी गेल्यावर बाबांनी ती कॅसेट लावली.

मी दाराशी उभी होते. एक गाणं वाजलं, दुसरं वाजलं. बाबांनी कॅसेट काढली, उलटी केली, पुन्हा लावली. मग कडेचे बोळे बोटानं चाचपले. मला वाटलं, आता मारतील. ते म्हणाले, "कोणतं गाणं एवढं आवडलं तुला? ते लाव बरं." मी रडत रडत ते गाणं लावलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "यात तुला कोणती जागा आवडती?" मी दाखवली. त्यांनी मागं घेऊन ती जागा पुन्हा ऐकली. म्हणाले, "हं. चांगली आहे." खोटं बोलायचा स्वभाव नव्हता त्यांचा. त्यांनी खरंच ऐकली होती.

दुसऱ्या बाजूच्या शेवटी, गाणी संपल्यावर आठ-दहा सेकंद शिल्लक आहेत. जात्याची घरघर, अर्धी ओवी आणि बांगडी दगडावर वाजल्याचा आवाज. तेवढीच आजी राहिलीय. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या जमवल्या, त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्याही आहेत. आज त्या इंटरनेटवर मोकळेपणानं ऐकता येतात. मी अधूनमधून ऐकते. आजी तिथं सापडणार नाही हे ठाऊक असतं, तरी चाल ओळखीची लागली की हातातलं काम थांबतं.

बाबांचं जे नुकसान मी केलं ते भरून येण्यासारखं नव्हतं. तुमच्या लेकीनं तर तुमचं काहीच पुसलेलं नाही. ती शेजारच्या खोलीत स्वतःचं काहीतरी लावून बसलीय. तिला अजून कुणी विचारलेलं नाही की कोणती जागा आवडती.

तेव्हा एक रविवार काढा, सेकंड शिफ्ट नसेल असा. तिला म्हणा, तुझी तीन गाणी लाव, मी ऐकतो. तीनच. मोबाइलच्या स्पीकरवर नको, तुमच्या चांगल्या ॲम्प्लिफायरला जोडा. एवढा मान तर पाहुण्या गाण्याला द्यायलाच हवा. ऐकताना भुवई वर करायची नाही, 'आमच्या काळी' म्हणायचं नाही, आणि तुलना तर अजिबात नको. गाणं संपलं की बाबांचा प्रश्न विचारा. ती सांगेल. आधी अडखळेल, कारण तिला पकडलं जाण्याची सवय झालीय. मग सांगेल.

तिच्याकडून ऐकाल त्यातल्या काही गोष्टींनी तुम्ही चकित व्हाल, असा माझा अंदाज आहे. माझ्या भाचीनं मला दाखवलं म्हणून सांगते. ते कोरियन गट स्टेजवर गातात तेव्हा समोरचे हजारो लोक ठरलेल्या जागी ठरलेले शब्द ओरडतात. गाणाऱ्यांची नावं ओळीनं घेतात, मधल्या ओळीचं शेवटचं अक्षर उचलतात. फॅनचँट म्हणतात त्याला. पोरं ते पाठ करून जातात, चुकलं तर शेजारच्याला लाज वाटते. मला ते बघून सप्त्यातलं कीर्तन आठवलं. बुवांनी चरण सोडला की मागचे टाळकरी तो उचलतात आणि समोर बसलेल्या आयाबायांनाही कुठं 'विठ्ठल विठ्ठल' यायचं ते बरोबर माहीत असतं. तुमच्या कव्वालीतल्या टाळ्या तरी दुसरं काय आहेत? कव्वाल मधेच दुसऱ्या कवीचा शेर आणून जोडतो, ज्याला गिरह लावणं म्हणतात, आणि आपला कीर्तनकार एका अभंगावर बोलता बोलता दुसऱ्या संताचं प्रमाण देतो. या गोष्टी तुम्ही तिला सांगू शकता. तिला गाण्याची माहिती आहे, तुम्हाला कानाची. दोन्ही एकत्र आलं तर फार मजा येईल. पण हे पहिल्या रविवारी नको. पहिल्या रविवारी फक्त ऐका.

तिच्या खोलीत त्या गाणाऱ्यांची छोटी छोटी फोटोकार्डं असतील, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली. त्यांना हसू नका. तुम्ही कॅसेटच्या आतलं कार्ड घडी न मोडता जपता, ते तुमचं फोटोकार्ड आहे.

आणि तिला एक विचारा: कोरियन वाचता येतं का? बऱ्याच पोरींना येतं. अर्थ लागत नसला तरी अक्षरं वाचतात, गाण्याचे बोल बघून म्हणता यावेत म्हणून स्वतःच शिकतात. ती लिपी, हांगुल, पंधराव्या शतकात सेजोंग राजानं मुद्दाम साध्या माणसांसाठी तयार करवली, कारण चिनी अक्षरं शिकणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. आज तिच्यात मूलभूत अक्षरं २४ च आहेत, आणि काही अक्षरांचा आकार तर तो उच्चार करताना जीभ तोंडात कशी वळते त्यावरून घेतलाय. लेक तुम्हाला तुमचं नाव त्यात लिहून दाखवील.

आता इथं, भाऊ, मला तुम्हाला थोडं टोचायचंय. एका परक्या गाण्यासाठी नववीतली पोरगी नवी लिपी शिकलेली असू शकते. आणि तुम्ही ३५ वर्षं कव्वाली ऐकताय, ज्या शहरात सिटी चौकातून शहागंजाकडं जाताना पाटी पाटीवर उर्दू आहे तिथं राहताय, आणि वडिलांच्या कॅसेटवरचं नाव तुम्हाला वाचता येत नाही. ही खरी खंत तुमच्या पत्रात आहे, फक्त तुम्ही ती शेवटच्या दोन ओळींत उरकलीत. शहागंजात कुणीही ते नाव अर्ध्या मिनिटात वाचून देईल. घाई असेल तर विचारून या, त्यात कमीपणा नाही. पण मला वाटतं तुम्ही ते स्वतः वाचावं. बोली तुम्हाला येतेच, लिपीच शिकायचीय. उजवीकडून डावीकडं, अक्षरं एकमेकांना जोडून, ऱ्हस्व स्वर बहुतेक लिहीतच नाहीत, त्यामुळं अंदाज बांधावा लागतो. आणि अंदाज बांधायला बोली येत असली की झालं. पाट्यांचा मोठा फायदा असा की एकाच पाटीवर मराठी, इंग्रजी आणि उर्दू तिन्ही असतात. मराठीवर हात ठेवायचा, उर्दू वाचायचं, मग हात काढून ताडून बघायचं. मेडिकल, हॉटेल, टेलर, स्टोअर्स हे शब्द आधी ओळखू येतील. लेकीला सोबत न्या. तिची नजर ताजी आहे, ती तुमच्या आधी शिकेल. शिकू द्या.

अजिंठ्याला जाता तेव्हा एकदा तिलाही न्या. सोमवारी बंद असतं हे तुम्हाला सांगायला नको. पहिल्या लेण्यात सगळे पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर गर्दी करतात. तुम्ही तिला मधोमध उभं करून छताकडं बघायला सांगा. अंधाराला डोळे सरावायला चार-पाच मिनिटं जातील, जाऊ द्या. वर चौकटींत टोप्या घातलेले, दाढीवाले, हातात प्याले घेतलेले परदेशी लोक आहेत. त्यांचे कपडे बघा, पायातले पट्ट्यापट्ट्यांचे मोजे बघा. दीड हजार वर्षांपूर्वी इथल्या चित्रकाराला कुठल्या तरी लांबच्या मुलखाच्या माणसांचा पेहराव इतका आवडला की त्यानं तो बुद्धाच्या लेण्याच्या छतावर नेऊन काढला. तिथला गडद निळा रंगही अफगाणिस्तानच्या लाजवर्द दगडाचा. बाहेरून आलेलं आवडणं आपल्या या मुलखाला काही नवीन नाही. हे तुम्ही इतक्या वेळा वही घेऊन बघितलंय, म्हणून तर तुम्हाला सांगतेय.

आता कंसातल्या ओळीकडं येते.

१८,००० चे ६,००० सांगितलेत. ही गोष्ट तुम्ही कंसात घातलीत, जशी काही सहज आठवली म्हणून. मला पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच वाटते. तुम्हाला वाटतंय की वहिनींचं भांडण कॅसेटींशी आहे. जुना बाजार म्हणणारी बाई तितकी रागावलेली नसते. ती जागेसाठी भांडतेय, आणि जागेचं भांडण मिटवता येतं. पण घरखर्चाच्या पैशात १२,००० लपवलेत हे तिला दुसऱ्याकडून कळलं, एखाद्या दिवशी कार्डाच्या मेसेजवरून किंवा मित्राच्या तोंडून, तर त्यानंतर तुमची प्रत्येक कॅसेट तिला खोटी दिसेल. मग तुम्ही म्हणाल, माझ्या आवडीची घरात कुणाला कदर नाही.

याच आठवड्यात सांगा. टर्नटेबल परत करण्याची तयारी ठेवून सांगा, आणि ती तयारी खरी असू द्या. सारवासारव नको, 'सेलमध्ये होतं' नको. त्यानंतर छंदाचा महिन्याचा आकडा दोघांनी मिळून ठरवा आणि एक वही ठेवा. लेकीचाही आकडा ठरवा, तिच्या वयाप्रमाणं छोटा. तिची कार्डं आणि तुमच्या एलपी एकाच वहीत, एकाच नियमानं. बापाला सूट आणि पोरीला शिस्त, असं त्या वहीत चालणार नाही.

जागेचं थोडक्यात. माळ्यावरचं सगळं खाली आणा. तुम्ही वरच्या मजल्यावर राहता, आपल्याकडं मे महिन्यात स्लॅब काय तापतो ते माहितीय, त्याखाली एलपी वाकतात आणि कॅसेटची फीत खराब होते. एलपी आडव्या एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. पोस्टरला सेलोटेप लावू नका, आधी लावली असेल तर ओढून काढू नका. एक भिंत तुमची, तिथं काय मावेल ते मावेल. त्यापुढं नवीन एक आलं की जुनं एक गेलं पाहिजे. दोन-दोन प्रती असलेल्या कॅसेटी कितीतरी निघतील बघा. त्या एखाद्या नव्या नाद लागलेल्या पोराला द्या, विकू नका.

'एक काहीतरी धर' म्हणणाऱ्या मित्रांचं मला पटत नाही. त्यांचं म्हणणं ज्याला त्यातून पोट भरायचंय त्याच्यासाठी ठीक आहे. तुम्हाला पोटाला कंपनी आहे. पैठणच्या नाथांनी एका हातानं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, १५८४ साली, पाठ ताडून, ओवी ओवी तपासून. आणि त्याच नाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी, फकीर, रस्त्यावर जो जो दिसला त्याची बोली उचलून भारुडं रचली. वाळवंटात उभं राहून त्या लोकांचं किती मन लावून ऐकलं असेल! ज्ञानेश्वरीवाल्या पंडितानं वासुदेवाच्या टोपीकडं बघत का बसावं, असं तेव्हाही कुणी म्हणालं असेल. तुम्ही नाथ नाहीत, मीही नाही. पण मन दहा ठिकाणी रमतं म्हणून ते उथळच असतं, हे काही खरं नाही. तुमच्या पत्रात मला एकच उणीव दिसली: जमवण्याबद्दल दोन पानं आहेत आणि ऐकण्याबद्दल सात ओळी. शेवटची पूर्ण कॅसेट, दोन्ही बाजू, मधे न उठता कधी ऐकलीत? ७०० मधल्या किती न उघडलेल्या आहेत? हे स्वतःशीच मोजा, मला कळवू नका.

मैफलीतल्या त्या गृहस्थांना विसरा. दाद चुकली तर गाणाऱ्याचं काही बिघडत नाही, आणि तुम्हाला जे सुंदर वाटलं ते त्या क्षणी वाटलंच होतं. दत्तजयंतीला अंबडला जा. आचार्य गोविंदराव जळगावकरांनी सुरू केलेला तिथला संगीत महोत्सव आपल्या मराठवाड्याचं भूषण आहे, जालन्याच्या पलीकडं लांबही नाही. मार्गशीर्षातली थंडी असते, शाल न्या. सुरुवातीला मागं बसा, इतरांची मान कुठं हलते ते बघा, दोन रात्रींत कान आपोआप बसतो. आणि 'वाह' आलीच तोंडातून, तर येऊ द्या.

राहिली कॅसेट.

ती आधी टेपमध्ये घालणं बंद करा, आजपासून. दोष बहुधा कॅसेटचा नाही, डेकचा आहे. फीत ओढणारं रबरी चाक मळलं किंवा गुंडाळणाऱ्या चकतीचा पट्टा सैल पडला की फीत बाहेर येऊन गुंतते. आयसोप्रोपिल अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. कानकोरण्याच्या कापसाला जेमतेम ओलं करून आधी हेड, म्हणजे फीत जिथं टेकून वाजते तो धातूचा भाग, पुसा, मग ते रबरी चाक, काळं निघायचं थांबेपर्यंत. नंतर एखादी टाकाऊ कॅसेट लावून दोन्ही बाजू चालवून बघा. ती नीट चालली तरच पुढं.

मग वडिलांची कॅसेट हातात घ्या. फितीच्या मधोमध फेल्टची इवलीशी गादी दिसते का बघा, पातळ पट्टीवर चिकटवलेली. ती गळून पडली असेल तर फीत हेडला टेकत नाही आणि आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. कवच पाच स्क्रूंचं असेल तर उघडता येईल. तशाच स्क्रूच्या एखाद्या टाकाऊ कॅसेटचं कवच घ्यायचं आणि वडिलांच्या फितीची दोन्ही चाकं उचलून त्यात बसवायची. चिकटवलेलं बंद कवच असेल तर घरी हात लावू नका, जाणत्याकडून करून घ्या. फितीला बोटाचा तेलकटपणा लागू देऊ नका. आणि वरच्या उर्दू अक्षरांवर अल्कोहोलचा थेंब पडू देऊ नका, शाई पसरेल. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

नीट वाजायला लागली की पहिल्याच खेपेला कॉम्प्युटरवर घ्या. डेकच्या लाइन-आउटमधून वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला, ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर, आणि एमपीथ्री न करता वेव्ह फाइल. मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटला ६०० च्या आसपास. आवाजाची पातळी लालमध्ये जाऊ देऊ नका. सुरुवातीचा आणि शेवटचा रिकामा भाग कापू नका, तिथंही कधी कधी कुणीतरी असतं.

चाकं हलवताना दोन्ही बाजूंची फीत सैल पडते, ती पेन्सिलीनं हळूहळू गुंडाळून घ्यावी लागते, आणि स्क्रू तर तांदळाच्या कणीएवढे असतात. लेकीला शेजारी बसवा. तिची बोटं बारीक आहेत, आणि टॉर्च धरायला कुणीतरी लागतंच.